पट्ट्यांच्या स्वेटरची बाही: मोजणी काखेपासून खाली

प्रश्न थोडक्यात असा आहे: निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा स्वेटर, पाठ आणि पुढचा भाग विणून झाले, खांदेही जोडले. बाही मात्र दोनदा उसवावी लागली. पहिल्यांदा काखेत निळ्या पट्ट्यासमोर पांढरा आला. दुसऱ्यांदा पट्टे ओढूनताणून जुळवले, तर खांद्याजवळ चुण्या पडल्या. चूक विणण्यात आहे की शिवण्यात?

दोन्ही वेळा चूक मोजण्यात आहे, शिवण बिचारी निमित्त. आपल्याकडे थंडी जेमतेम दीड-दोन महिन्यांची, त्यामुळे बहुतेकींचा हात बसलेला असतो तो हाफ स्वेटरवर. हाफ स्वेटरचा मुंढा, म्हणजे काखेपासून खांद्यापर्यंतची हाताची गोल कड, थोडा चुकला तरी वरून टाके उचलून विणलेली बॉर्डर ते झाकून घेते. बाही काहीच झाकत नाही, आणि पट्टे असले की उलट बोट दाखवून सांगते.

खाली एकाच मापाचा पूर्ण हिशेब देतो. छाती 36 इंच, तयार स्वेटरचा घेर 40 इंच. सुया अंगासाठी 8 नंबर (4 मिमी), बॉर्डरसाठी 10 नंबर (3.25 मिमी). एक सुई सुलट, एक सुई उलट अशा साध्या विणीत 4 इंचांत 22 टाके आणि 28 ओळी, म्हणजे इंचाला साडेपाच टाके आणि 7 ओळी. पट्टे 4-4 ओळींचे. तुमचे टाके वेगळे पडत असतील तर आकडे बदलतील, रीत तीच.

टाके-ओळी मोजायला आधी नमुन्याचा तुकडा विणाल तो पट्ट्यांचाच विणा, निदान 5 इंच रुंद, आणि टाक्यांपेक्षा ओळी जास्त काळजीने मोजा. टाके चुकले तर स्वेटर सैल किंवा घट्ट होतो, ते अंगात घालून भागते. ओळी चुकल्या की बाहीची लांबी आणि मुंढ्याचा गोल दोन्ही बिघडतात. तुमच्या 4 इंचांत 28ऐवजी 30 ओळी बसत असतील, तर 104 ओळींची बाही पावणेपंधरा इंचांऐवजी पावणेचौदा इंचांचीच भरेल. एक इंच गेला, आणि तो शिवताना परत येत नाही.

आधी अंगाचा हिशेब, कारण बाही त्यालाच बांधलेली आहे. पाठीला 112 टाके. बॉर्डरनंतर काखेपर्यंत 96 ओळी, म्हणजे 24 पट्टे. मग मुंढ्यासाठी दोन्ही बाजूंना 6-6 टाके बंद, आणि पुढे दर सुलट ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका असे 8 वेळा कमी. राहिले 84 टाके. मुंढ्याची खोली 8 इंच, म्हणजे टाके बंद केलेल्या दोन ओळी धरून 56 ओळी. पुढचा भागही मुंढ्यापुरता हुबेहूब असाच. तुमचे दोन्ही भाग विणून झालेले आहेत, तेव्हा हेच आकडे आपल्या विणीवर बोट ठेवून मोजा आणि कागदावर लिहा: काखेपर्यंत किती ओळी, टाके बंद करताना कुठला रंग सुईवर होता, तो त्या पट्ट्याची कितवी ओळ होती, आणि त्यानंतर खांद्यापर्यंत किती ओळी. आठवणीवर विसंबू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. बाही विणायची मनगटापासून वर, पण मोजायची काखेपासून खाली. अंगावर मुंढ्याचे टाके बंद केले ते पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत असतील, तर बाहीचेही पांढऱ्याच्या पहिल्याच ओळीत बंद झाले पाहिजेत. तिथून मागे 4-4 ओळी मोजत मनगटापर्यंत या. आमच्या मापात बॉर्डरच्या वर 104 ओळी, म्हणजे 26 पट्टे येतात. अंगाला 24, बाहीला 26, दोन्ही सम संख्या. त्यामुळे दोन्ही भाग बॉर्डरनंतर पांढऱ्याने सुरू केले तरी काखेत रंग जुळतो. हीच बाही 25 पट्ट्यांची विणली की काखेत निळ्यासमोर पांढरा. तुमचे पहिल्यांदा नेमके हेच झाले असणार.

बाही 26 पट्ट्यांपेक्षा अर्धा इंच लांब हवी असेल तर जास्तीच्या ओळी खाली मनगटाशी घाला, वर नाही. अर्धा इंच म्हणजे साधारण 4 ओळी, एक पूर्ण पट्टा. मग मनगटाशी पहिला पट्टा पांढऱ्याऐवजी निळा येईल, बॉर्डरही निळीच असेल तर ती तेवढी मोठी दिसेल. दिसू द्या. हाताच्या मनगटाकडे कोणी मापपट्टी घेऊन पाहत नाही. काखेतली चूक मात्र हात हलवला की दिसते. पहिला पट्टा 2 ओळींचाच ठेवला तरी चालतो.

मनगटाला 10 नंबरच्या सुयांवर 46 टाके घाला आणि दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर 20 ओळी विणा, अडीच इंच भरते. टाके घालताना हात सैल ठेवा, नाहीतर मूठ आत जाणार नाही. बॉर्डर एकाच रंगात ठेवावी असे माझे मत. पट्टे हवेच असतील तर रंग बदलाल ती पहिली ओळ पूर्ण सुलट विणा आणि मग परत दोन-दोनवर या. नाहीतर उलट टाक्यांवर मागच्या रंगाचे ठिपके उमटतात.

मग 8 नंबरच्या सुया, आणि वाढ. 46 टाक्यांचे 80 करायचे आहेत, म्हणजे दोन्ही टोकांना 17 वेळा एकेक टाका वाढवायचा. पुस्तकी सूचना बहुधा ‘दर सहाव्या ओळीला’ अशी असते. पट्ट्यांच्या बाहीला ती गैरसोयीची, कारण सहाच्या हिशेबात मधूनमधून वाढ नेमकी रंग बदलायच्या ओळीत येते आणि कडेचा टाका दोन रंगांत ताणला जातो. त्यापेक्षा वाढ नेहमी पट्ट्याच्या तिसऱ्या ओळीत करा. तीन पट्ट्यांत वाढ, चौथा तसाच, असे 5 वेळा केले की 20 पट्ट्यांत 15 वाढी होतात. पुढच्या दोन पट्ट्यांत आणखी दोन. झाल्या 17. उरलेले 4 पट्टे सरळ विणा. याचा मोठा फायदा असा की ओळी मोजाव्याच लागत नाहीत. पट्टे मोजले की वाढ मोजली गेली, आणि दुसरी बाही आपोआप पहिलीसारखी होते.

वाढ कडेला नको, एक टाका आत करा. पहिला टाका विणा, त्याच्या आणि पुढच्या टाक्याच्या मधला आडवा धागा डाव्या सुईवर उचला आणि मागच्या बाजूने सुई घालून विणा. पुढून विणलात तर तिथे भोक पडते. ओळीच्या शेवटीही एक टाका शिल्लक असताना तसेच. कडेचा टाका सरळ उभा राहिला तरच पुढे शिवण सुरेख बसते.

दोन्ही बाह्या एकाच सुईवर शेजारी-शेजारी विणा, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. एका रंगात तो उत्तम. पट्ट्यांमध्ये मात्र चार गुंडे एकमेकांत अडकतात, आणि निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो. इथे बाह्या एकामागून एक विणा.

न लागणारा रंग कापू नका, कडेने वर न्या. 4 ओळींचे अंतर असल्याने मध्ये एकदा, तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, दोन्ही धाग्यांना एक पीळ द्या. वर नेलेला धागा ओढायचा नाही. ओढला की बाहीची ती कड दुसरीपेक्षा आखूड होते, बाही हातावर फिरते, आणि दोष मात्र मापाला दिला जातो. दर दोन-तीन पट्ट्यांनी दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून पाहा. काखेत टाके बंद केल्यावर वर नेलेला धागा 6 टाके मागे राहतो. तो लोंबता आत ओढून घेऊ नका; वितभर शेपूट ठेवून कापा आणि आतल्या नव्या कडेला परत जोडा.

आता बाहीचा वरचा गोलवा. दोन्ही बाजूंना 6-6 टाके बंद, राहिले 68. मग दर सुलट ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका, 14 वेळा कमी, राहिले 40. मग पुढच्या 4 ओळींच्या सुरुवातीला 4-4 टाके बंद, राहिले 24. ते एकदम बंद. गोलव्याच्या एकूण 34 ओळी, उंची पाच इंचांना किंचित कमी. कमी करतानाही कडेचा एक टाका राखा. ओळीच्या सुरुवातीला त्या टाक्यानंतर एक टाका न विणता उचला, पुढचा सुलट विणा आणि उचललेला त्यावरून ओढा. शेवटी तीन टाके राहिले की दोन एकत्र सुलट विणा, मग शेवटचा. असे केले की दोन्ही तिरक्या कडा एकमेकींकडे झुकतात.

अंगाच्या मुंढ्याशी ताडून पाहा: पहिल्या 18 ओळी दोन्हीकडे एकसारख्या आहेत. 6 टाके बंद, मग 8 वेळा एकेक कमी. इथे पट्टे जुळतात यात नवल नाही. त्यापुढे अंगाची कड सरळ वर जाते, बाहीची तिरकीच राहते. तरी आणखी 12 ओळी ओळीला ओळ जोडता येतात. तिरकी कड सरळ कडेपेक्षा थोडी लांब असते, दोन इंचांसमोर पावणेदोनला किंचित कमी. ही दर बाजूची जेमतेम तिसरा हिस्सा इंच ढील खांद्याच्या गोलाईसाठी हवीच असते. म्हणजे काखेपासून 30 ओळी, साडेसात पट्टे, तंतोतंत जुळतात. त्याच्या वर जुळत नाहीत. अंगाला अजून 26 ओळी उभ्या आहेत आणि बाहीला तिथे आडवे बंद टाके आहेत. आडव्याला उभ्याशी पट्टा जुळवणार कसा? तुमच्या दुसऱ्या प्रयत्नात चुण्या पडल्या त्या इथेच. खांद्यापर्यंत पट्टे जुळावेत म्हणून बाहीचा गोलवा मुंढ्याइतका, 8 इंच उंच विणला असेल, तर बाहीची कड मुंढ्यापेक्षा कितीतरी लांब झाली. ती लांबी शिवणीत कोंबली की चुण्या. दुकानातला पट्ट्यांचा स्वेटर हातात घेऊन पाहा, तिथेही खांद्याजवळ पट्टे जुळलेले नसतात.

शिवायला घेण्याआधी एकदा मापपट्टी काठावर उभी धरून, वळणाबरोबर वळवत, दोन्ही कडा मोजा. आमच्या मापात एका बाजूचा मुंढा खांद्यापासून काखेच्या कोपऱ्यापर्यंत, बंद टाके धरून, सव्वानऊ इंच. बाहीची अर्धी कड त्याहून तिसरा हिस्सा इंच जास्त. संपूर्ण गोलात बाही अर्धा ते एक इंच मोठी असावी. त्याहून मोठी असेल तर वरच्या तीन-चार वेळा टाके दर ओळीत कमी करा. लहान पडत असेल तर मधल्या एक-दोन वेळा टाका दुसऱ्याऐवजी चौथ्या ओळीत कमी करा. दर बदलाला गोलवा दोन ओळींनी, म्हणजे पाव इंचाहून किंचित जास्त उंच होतो. हे बदल 18व्या ओळीच्या वरच करायचे. खालच्या 18 ओळींना हात लावला की पट्टे गेले.

भाग शिवण्याआधी ओलसर करून सपाट पसरवा, मापाला टाचण्या लावा आणि वाळू द्या. गुंडाळलेली कड शिवताना ओळ सुटते. बाजारातली बरीचशी लोकर ऍक्रिलिक असते, कॅशमिलॉन म्हणून मिळते तीही. तिच्यावर गरम इस्त्री टेकवली की वीण मरते, पापडासारखी चपटी होते, आणि पुन्हा उठत नाही. ओल्या कापडाचा दमटपणा पुरतो. गडद रंगाचा तुकडा आधी ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून पाहा. रंग सुटत असेल तर तो आत्ता कळलेला बरा.

जोडण्याचा क्रम असा: खांदे आधी, मग बाही सपाट पसरलेल्या मुंढ्यात, आणि सगळ्यात शेवटी बाजू व बाहीची लांब शिवण एका दमात. बाजू आधी शिवून बाही गोलात बसवण्याचीही पद्धत आहे, कापडाच्या ब्लाउजला ती बरी. विणलेल्या पट्ट्यांना सपाट पद्धत सोपी, कारण दोन्ही कडा डोळ्यांसमोर असतात.

टाचण्या मोजक्या जागी लावा. बाहीच्या 24 टाक्यांचा मध्य खांद्याच्या शिवणीवर. दोन्ही काखांचे कोपरे. आणि दोन्हीकडे 30व्या ओळीवर एकेक. ती ओळ विणतानाच वेगळ्या दोऱ्याने खूण करून ठेवली तर पुढे मोजामोज वाचते. शिवायला बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. धागा दीड मीटर, गडद रंगाचा: पांढऱ्या पट्ट्यात निळा धागा डोकावला तर सावलीसारखा वाटतो, निळ्यात पांढरा डोकावला तर टोचतो. धाग्याचा मध्य खांद्यावर ठेवा आणि अर्ध्याने पुढची, अर्ध्याने मागची बाजू शिवा. काखेतून सुरू करून वर चढत गेलात तर सगळी साठलेली चूक खांद्यावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी येऊन थांबते.

सुलट बाजू आपल्याकडे ठेवून शिवायचे. अंगाची कड जरा ताणून धरा; कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतात. दर ओळीला एक पायरी. खांद्यापासून खाली येताना आधी बाहीच्या वरच्या 12 टाक्यांसमोर अंगाच्या 15 पायऱ्या घ्यायच्या आहेत, म्हणजे 4 टाक्यांना 5 पायऱ्या: तीन टाक्यांना एकेक पायरी, चौथ्याला दोन, परत पहिल्यापासून. बाहीकडे सुई बंद केलेल्या साखळीच्या आतल्या टाक्याच्या दोन्ही पायांखालून घाला, साखळीतून नाही. साखळी शिवणीत आत लपली पाहिजे. पुढे टप्प्याटप्प्याने बंद केलेले 4 आणि 4 टाके, त्यांना अंगाच्या 11 पायऱ्या. तिथे कोपरे टोकदार दिसतात, त्यांना दाबून आत घ्या, शिवण गुळगुळीत वाकली पाहिजे. आता 30व्या ओळीच्या खुणेवर पोहोचलात. इथून खाली बाहीची एक पायरी, अंगाची एक पायरी, अशीच अदलाबदल; रंगाला रंग मिळत जाईल. शेवटी 6 बंद टाक्यांसमोर 6 बंद टाके.

दर सात-आठ टाक्यांनी धागा हलकेच ओढा, कडा मिटेपर्यंतच. त्यानंतर शिवण दोन्ही हातांनी एकदा ताणून सोडा. ताणल्यावर धागा कटकन आवाज करत असेल तर तो घट्ट आहे. हात वर केल्यावर तुटेल तो तिथेच.

अर्धी बाजू शिवून झाली की दुसरी सुरू करण्याआधी स्वेटर खांद्याला उचलून धरा. चूण खांद्याच्या माथ्यावर असेल तर 4 ला 5चे प्रमाण चुकले आहे, बहुधा प्रत्येक टाक्याला एकच पायरी जोडत गेलात. चूण पुढे किंवा मागे 30व्या ओळीच्या आसपास असेल तर एक-दोन पायऱ्या निसटल्या आहेत. आणि बाही फुगत नाही पण अंग ओढल्यासारखे दिसते, असे असेल तर बाहीचे वरचे 24 टाके घट्ट बंद झाले आहेत. ते उसवून एक नंबर जाड, म्हणजे 7 नंबरच्या सुईने परत बंद करा.

शेवटची लांब शिवण स्वेटरच्या खालच्या बॉर्डरपासून काखेपर्यंत आणि तिथून तशीच मनगटापर्यंत. दोन्हीकडे ओळीला ओळ, दर चौथ्या पायरीला रंग बदलतो तो तपासत. काखेत चार कोपरे एकत्र येतात तिथे नेहमी एक बारीक भोक राहते. एक जादा टाका फुलीसारखा घेऊन ते मिटवा. सुटलेली शेपटे ज्या त्या रंगाच्या पट्ट्यात, शिवणीच्या कडेने दीड-दोन इंच ओवून मग कापा.

तुमच्या हातातल्या बाहीचे काय? रंग उलटे आलेली बाही पूर्ण उसवायची गरज नाही. गोलवा काखेपर्यंत उसवा, 80 टाके सुईवर घ्या, एक पट्टा म्हणजे 4 ओळी वाढवा किंवा काढा आणि गोलवा पुन्हा विणा. त्यामुळे बाही अर्ध्या इंचाहून थोडी लांब किंवा आखूड होईल. ते नको असेल तर नंतर मनगटाची बॉर्डर उसवून, उघडे टाके सुईवर घेऊन, ओळी कमी-जास्त करा आणि बॉर्डर खालच्या दिशेने विणा. नुसती मनगटाशी दुरुस्ती करून काखेतला रंग बदलत नाही. चुण्या पडलेल्या बाहीला तर काखेखाली हातही लावू नका. 18व्या ओळीपर्यंत उसवा, तिथे 52 टाके मिळतील, आणि तिथून वरच्या हिशेबाने विणा.